औटी बाईंची दिल्ली

माझे सासरे वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी औटी बाई भेटायला आल्या. बाहेरच्या खोलीत सगळं गणगोत बसलेलं. भेटायला येणारं माणूस आधी सासूबाईंपाशी टेकतं, दोन शब्द बोलतं, घोटभर पाणी पितं आणि निघतं. साध्यातली साधी रीत. औटी बाईंनी दारात चपला काढल्या आणि कुणाकडंही न बघता तडक स्वयंपाकघर गाठलं. पाठोपाठ आतून त्यांचा शाळेतला खणखणीत आवाज आला, "मुदत संपली होती! कधीच संपली होती! घरात एवढी माणसं, आणि एकालाही दिसू नये?"

बाहेर माझ्या आत्येसासूबाईंनी असा हंबरडा फोडला की गल्लीतली माणसं धावत आली.

बाई गॅसच्या नळीबद्दल बोलत होत्या. नळीवर तिची मुदत छापलेली असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण ते कळून घ्यायची ती वेळ होती का? मी आत जाऊन दातओठ खात म्हणाले, "बाई, निदान आज तरी!" त्यावर बाई म्हणाल्या, "वंदना, गॅस काय सुतक बघून गळतो?" आणि पिशवीतून नवी नळी काढून, चिमटा घट्ट आवळून, ती स्वतः बसवूनच त्या बाहेर आल्या. सासूबाईंपाशी बसायचं राहूनच गेलं.

आता अशा बाईचा राग येऊ नये तर काय यावं? मला तो कित्येक वर्षं नियमानं येत आलेला आहे. आणि हे लिहायला बसले आहे तीही रागातच. फक्त राग आता दुसरीकडं वळला आहे, ते पुढं येईलच.

पारनेरमध्ये ज्यांच्या मुली कन्याशाळेत शिकल्या त्या सगळ्यांना औटी बाई माहीत आहेत. शाळेत त्या गृहविज्ञान शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि शाळेनं विषयच बंद करून टाकला. विषय बंद झाला, बाई कुठल्या बंद व्हायला. त्यांनी आपल्या मागच्या पडवीत राष्ट्रीय गृहशास्त्र महासंघाचं स्थानिक मंडळ काढलं. महासंघाचं मुख्य कार्यालय दिल्लीला. तिथून परिपत्रक निघतं, ते नाशिकला प्रांताच्या कार्यालयात येतं आणि मग गावोगावच्या मंडळांच्या मोबाईलवर. बाई महासंघाला नुसतं 'दिल्ली' म्हणतात. "दिल्लीहून आलंय" असं त्यांनी म्हटलं की पुढं चर्चा नसते. आणि एखादी गोष्ट त्यांना पटली नाही की ती 'अशास्त्रीय' असते. फ्रिजमध्ये मळलेली कणीक अशास्त्रीय, रात्री भिजवलेल्या साबुदाण्यावर झाकण नसणं अशास्त्रीय, माझ्या नवऱ्याचं उभ्यानं पाणी पिणं तर महाअशास्त्रीय.

माझी पिठाची गिरणी आहे. बाई एकदा दळण घेऊन आल्या, पट्टा बघितला, पिठाला हात लावून डोळे बारीक केले, आणि जाताना मला मंडळाची चिटणीस करून गेल्या. मी हो म्हटल्याचं मला अजून आठवत नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी पडवीत सभा. दिल्लीला पारनेर कुठं आहे हे माहीत असायचं कारणच नाही, त्यामुळं तिथून काय येईल याचा भरवसा नसायचा. एकदा आलं, 'भाज्या वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात.' आमच्याकडं नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, कधी येईल आणि किती वेळ थांबेल ते त्याचं त्याला ठाऊक. मी म्हटलं, बाई, हे सोडून द्या. बाई म्हणाल्या, "दिल्लीहून आलंय." मग त्यांनी त्यावर उपाय काढला. एकीनं स्टुलावर उभं राहून तांब्यानं संथ धार धरायची, दुसरीनं खाली मेथी धुवायची, तिसरीनं घमेलं धरायचं आणि घमेल्यातलं पाणी कढीपत्त्याला ओतायचं. पाणी वाहतंही झालं आणि वायाही गेलं नाही. आम्ही तीन शिकल्यासवरल्या बायका एका मेथीच्या जुडीपायी पाऊणतास तशा उभ्या होत्या. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत होते, आणि मी मनातल्या मनात दिल्लीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

आणखी एकदा आलं, 'ताटात पाच रंग असावेत.' बाई ऐन उन्हाळ्यात घरोघरी ताटं तपासत फिरल्या. शालनकाकूंच्या वस्तीवरही गेल्या. शालनकाकू म्हणजे आमच्या मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद. सकाळी गावात दुधाचा रतीब घालतात आणि मनात येईल ते बोलतात. त्यांच्या ताटात भाकरी, पिठलं, ठेचा आणि कांदा. बाई बोट ठेवून मोजायला लागल्या, "राखाडी, पिवळा, हिरवा, पांढरा… पाचवा कुठंय, शालन?"

"पाचवा माझ्या थोबाडाचा बगा," शालनकाकू म्हणाल्या. "उनानं लालबुंद झालंय. आन् तुमी समोर हुब्या ऱ्हायल्या तर आनीक व्हईल."

बाईंनी तो रंग धरला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चानं गाजरं घेऊन पुन्हा वस्तीवर गेल्या.

पण आमच्या गल्लीला खरा ताप होता तो डब्यांचा. दिल्लीच्या पुस्तकातली प्रत्येक पाककृती 'चार माणसांसाठी' असते. औटी सर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून पुण्यात. पुणं काही लांब नाही, पण ते 'फार बिझी' असतात हे बाई आपल्यालाच मेडल मिळाल्यासारखं सांगतात. घरात माणूस एक, आणि स्वयंपाक रोज चार माणसांचा. कुणी म्हटलं, बाई, चौथा हिस्सा करा की, तर म्हणायच्या, "प्रमाणाला भागलं की चव बिघडते." मग उरलेले तीन डबे गल्लीत जायचे, चाचणीसाठी. त्यातला एक हमखास आमच्याकडं. दुसऱ्या दिवशी बाई डबा न्यायला यायच्या आणि चौकटीत उभ्या राहून विचारायच्या, "अभिप्राय?" मी म्हणायचे, छान होतं. "छान हा अभिप्राय नाही, वंदना. पोत कसा होता? रस दाट होता की पातळ? दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटलं का?" गिरणीवर गिऱ्हाइकं उभी, पट्टा सुरू, कानात पीठ, आणि मी दोडक्याच्या पोतावर बोलते आहे. माझा नवरा डबा चाटूनपुसून खायचा आणि वर चिडायचा, "आपण काय प्रयोगशाळेतले उंदीर आहोत का?"

असं सगळं चाललेलं असताना यंदा जिल्ह्याच्या मंडळांचं संमेलन पहिल्यांदाच पारनेरला मिळालं. ते मिळावं म्हणून मी नाशिकला किती फोन केले ते माझं मला ठाऊक. मंगल कार्यालय ठरलं, मांडववाला ठरला, जिल्ह्याच्या या टोकाच्या काष्टीपासून त्या टोकाच्या अकोल्यापर्यंतच्या मंडळांचे निरोप आले. आणि त्याच आठवड्यात दिल्लीहून नवा उपक्रम आला, 'एकल थाळी'. हल्ली एकटी राहणारी माणसं वाढली आहेत, सबब प्रत्येक मंडळानं एका माणसाच्या स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक संमेलनात सादर करावं. जे मंडळ करणार नाही त्याची संलग्नता थांबेल.

मी गुरुवारी परिपत्रक वाचून दाखवलं. मला वाटलं, बाई लगेच मापं मांडायला घेतील. बाई म्हणाल्या, "हे होणार नाही."

"म्हणजे?"

"हे अशास्त्रीय आहे."

"बाई, दिल्लीहून आलंय!" मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते वाक्य माझ्या तोंडी आलं होतं.

"दिल्ली चुकली आहे."

पडवीत सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्या बाईनं वाहत्या पाण्यासाठी मला स्टुलावर चढवलं ती म्हणते दिल्ली चुकली? मांडववाल्याला मी शब्द दिलेला, आणि हिचं हे असं. माझं डोकं फिरलं. मी तावातावानं काही बोलणार तेवढ्यात शालनकाकू अगदी सरळ मनानं म्हणाल्या, "पर बाई, तुमी तर एकल्याच ऱ्हाता. तुमाला ह्ये समद्यात सोपं की."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. आवाज नेहमीसारखा चढला नाही. "शालन, मी एकटी राहते. एकटीपुरता स्वयंपाक करत नाही."

सभा चहा न घेताच संपली. पण मंडळाची संलग्नता जाणार म्हटल्यावर बाई दोन दिवसांनी स्वतःच गिरणीवर आल्या आणि गिरणीच्या खडखडाटात ओरडून म्हणाल्या, "करते! पण करीन ते शास्त्राप्रमाणे पूर्ण करीन!" मी सुस्कारा सोडला.

संमेलनाला नाशिकहून निरीक्षक मॅडम आल्या. त्यांनी आमचा चहा घेतला नाही. स्वतःच्या पर्समधून चहाची पुडी काढली आणि कोमट पाणी मागितलं. माझा पारा तिथंच अर्धा चढला. प्रात्यक्षिकं सुरू झाली. काष्टीच्या बायकांनी एका माणसाचा मसालेभात केला. पातेलं एवढंसं, आणि हात पंगतीला सरावलेले. भात खाली लागला, कार्यालयभर करपट वास सुटला, आणि मॅडम कागदावर खुणा करत "लहान आचेचा सराव हवा" म्हणाल्या.

मग औटी बाई उठल्या. त्यांनी करायला शेंगोळे निवडले होते. शेंगोळे आमच्या भागात कोण एकटं करतं? हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, बोटाएवढ्या वळ्या वळून वाकवायच्या आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. वळायला वेळ लागतो, म्हणून परातीभोवती चारचौघी बसतात. गप्पांच्या नादात वळ्या कधी संपल्या ते कळत नाही. बाईंनी मूठभर पीठ घेतलं आणि टेबलापाशी उभ्या राहून एकटीनं वळायला लागल्या. माईकवर सगळी कृती खणखणीत सांगत होत्या. बोटं मात्र सावकाश चालत होती. माझ्या शेजारी शालनकाकूंचे हात मांडीवर आपोआप वळी वळायला लागले. मी बघितलं, पुढच्या रांगेतल्या दोघींचेही तसेच.

शेंगोळे उत्तम झाले. मॅडम खूश होऊन टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगदी अचूक प्रमाण! जराही उरलं नाही, वाया गेलं नाही."

"शेवटची पायरी राहिली आहे," बाई म्हणाल्या. "जेवण."

त्यांनी खुर्ची ओढली, ताट वाढून घेतलं आणि सगळ्या कार्यालयाकडं तोंड करून जेवायला बसल्या. माईक तसाच सुरू होता. पहिला घास. दुसरा घास. वाटी ताटाला लागल्याचा आवाजसुद्धा कर्ण्यातून येत होता. समोर जिल्हाभरच्या बायका बसलेल्या, ज्यांनी जन्मात कुणाला एकटं जेवू दिलेलं नाही. त्यांना काय करावं कळेना. कुणी पदर सारखा केला, कुणी उगाच पर्स उघडली, एक पाण्याचा तांब्या घेऊन अर्ध्यातून परत फिरली. मॅडमनी घड्याळ बघितलं. बाईंनी तिसरा घास हातात धरला आणि माईकमध्ये म्हणाल्या, "मीठ बरोबर झालंय की नाही, हे कुणाला विचारायचं ते दिल्लीनं यात लिहिलेलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "औटी मॅडम, ही उपक्रमाची थट्टा आहे."

"थट्टा?" बाई उभ्या राहिल्या. "मी तुमचा उपक्रम शेवटपर्यंत करून दाखवला. तुम्हाला बघवला नाही, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात शालनकाकू रांगा ओलांडत टेबलापाशी पोचल्या. त्यांनी बाईंच्या ताटातली एक वळी उचलून तोंडात टाकली आणि निवाडा दिला, "मीठ बराबर हाय. तिखट लई कमी."

"तिखट प्रमाणात आहे!" बाई कडाडल्या.

"परमान घाला चुलीत. आमच्या घरी न्हाई कुनी खायचं ह्ये."

मग त्या दोघी माईकवर तिखटावरून भांडत राहिल्या आणि कार्यालय हसून हसून बेजार झालं. हसल्या नाहीत त्या एकट्या मॅडम. आठवडाभरात नाशिकहून कळलं, 'उपक्रमाचा अनादर' केल्याबद्दल पारनेर मंडळाची संलग्नता थांबवली आहे.

अनादर! ज्या बाईनं उन्हातान्हात दिल्लीची परिपत्रकं वस्त्या-वस्त्यांवर नेली, तिच्यावर अनादराचा ठपका? मी नाशिकला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत." मी म्हणाले, "त्यांना सांगा, पुढच्या वेळी चहाची पुडीच पाठवा, तुम्ही येऊ नका." त्यानं काही झालं नाही, पण मला बरं वाटलं.

गुरुवार आला. मी पडवीत गेले तर दार लावलेलं. मंडळाची पाटी उतरवलेली, भिंतीवर नुसता पांढरा चौकोन. मी कडी वाजवली, आतून "आज बरं नाही" असा आवाज आला. पुढं डबाही आला नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं, "काय गं, आज काही पाठवलं नाही का त्यांनी?" गल्लीत बाई दिसेनात. शालनकाकूंनी सांगितलं, रोजचं दूधही निम्मं केलंय.

मग मात्र मला राहवेना. एका दुपारी गिरणी बंद ठेवून मी बाईंच्या घरी गेले आणि दार उघडल्या उघडल्या भांडायलाच लागले. "बाई, हे काय चालवलंय? दिल्ली गेली तर गेली! आम्ही काय दिल्लीसाठी येत होतो का? तुम्ही बाहेर का पडत नाही? माझ्या गिरणीवर का येत नाही?"

बाई म्हणाल्या, "कशी येऊ?"

"कशी म्हणजे? चालत!"

"तसं नाही गं." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "सर होते तोवर सगळीकडून बोलावणं यायचं. लग्नाला, बारशाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सर गेले आणि बोलावणी थांबली. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. नुसती थांबली. कुणाच्या दारात जायचं तर काय सांगून जायचं? मग दिल्लीचं निघालं. 'तपासणीला आलेय' म्हटलं की कुणी दार लावत नाही. रागावतात, पण दार उघडतात. आता दिल्ली नाही, तर मी कुठल्या नात्यानं येऊ?"

मला संताप आला. नाशिकच्या मॅडमचा आला, पुण्यातल्या त्या बिझी मुलाचा आला, या गावातल्या हळदीकुंकू करणाऱ्या एकूण एक बाईचा आला. त्यात मीही होते, माझाही आला. इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून या बाईला साधं 'या' म्हटलं नव्हतं, आणि तिनं घरात शिरायला थेट दिल्लीचा परवाना काढला होता.

मी जवळजवळ ओरडलेच, "गुरुवारी आमच्याकडं यायचं! सहा वाजता!"

बाई दचकल्या. "कशाची तपासणी?"

"कसलीही नाही. बसायला."

"नुसतं?"

"नुसतं. मी सांगतेय म्हणून. शालनकाकूही येतील."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आयुष्यभर वर्गाला शिकवलेल्या त्या बाईंनी मग मला, शाळेत नव्यानं आलेल्या मुलीसारखं, अगदी हळू विचारलं, "आणि आल्यावर काय बोलायचं असतं गं?"